आफ्रिकेतील नेतृत्वविकासाच्या कार्यक्रमांतून खानापूरने काय घ्यावे?

मलप्रभाकाठ :

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका छोट्या संस्थेत काम करते. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतच्या वाड्यांमध्ये झऱ्यांची डागडुजी, भातखाचरांचे बांध, काजूची लागवड आणि जंगलालगतच्या शेतांतील गव्यांचा व अस्वलांचा उपद्रव अशा कामांत आमचा बहुतेक वेळ जातो. ज्या कणकुंबीत मलप्रभेचा उगम आहे त्याच भागात पावसाळ्यात आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही आणि एप्रिल लागला की वरच्या वाड्यांतील बायका घागरी घेऊन खाली उतरतात, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एका देणगीदार संस्थेने आमच्या वीस कार्यकर्त्यांसाठी वर्षभराचा नेतृत्वविकास कार्यक्रम घ्यायला पैसे देण्याचे मान्य केले आहे. त्यांनी पाठवलेल्या आराखड्यात बेंगळुरूला पाच दिवसांचे निवासी शिबिर, इंग्रजीतून व्याख्याने, प्रत्येकाने स्वतःच्या प्रगतीचा आराखडा लिहून देणे, त्यानंतर महिन्यातून एकदा संगणकावरून बैठक आणि शेवटी प्रमाणपत्र, असा क्रम आहे. शाश्वत विकासाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी आफ्रिकेत जे कार्यक्रम चालतात त्यांच्या धर्तीवर हे बेतले आहे, असे सोबतच्या पत्रात लिहिले आहे. आफ्रिकेत म्हणजे नेमके कुठे, हे मात्र पत्रात कुठेही नाही.

माझ्या तीन शंका आहेत. आमच्यातील बहुतेकांची घरची भाषा मराठी, कणकुंबीकडच्या काहींची कोकणी, आणि पंचायतीतला व तालुका कचेरीतला प्रत्येक कागद कन्नडमध्ये. इंग्रजी व्याख्यान ऐकून त्यातले चार मुद्दे वहीत उतरवू शकतील असे जेमतेम तिघे निघतील. दुसरी शंका अशी की, आम्ही ज्या मुलांना हाताशी धरून तयार करतो ती दोन वर्षांत गोव्याला नाहीतर पुण्याला निघून जातात, आणि त्यांच्या घरची स्थिती पाहता त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला तरी नाही. तिसरी शंका 'नेतृत्व' या शब्दाचीच आहे. तो उच्चारला की आमच्या गावांतील लोकांना शाल, श्रीफळ आणि व्यासपीठावरील पहिल्या रांगेतील खुर्च्या आठवतात.

आफ्रिकेतील अशा कामाची ज्यांना माहिती असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. कौतुकापेक्षा तिथे काय टिकले आणि कशामुळे टिकले, हे मला समजून घ्यायचे आहे.

चिक्कोडीकर :

ताई, मी साखर धंद्यातला माणूस. आपल्या भागातले केमिस्ट आणि इंजिनिअर पूर्व आफ्रिकेतील कारखान्यांत नोकरीला जातात, तसा मीही गेलो आणि केनियात काही वर्षे राहिलो. शाश्वत विकास हा काही माझा विषय नव्हे. परंतु एकदा कारखाना दुरुस्तीसाठी बंद असताना एका सहकाऱ्याच्या गावी, केनिया पर्वताच्या बाजूला मेरू भागात गेलो होतो, आणि तिथे पाहिलेली शेतकऱ्यांची एक बैठक तुमचा प्रश्न वाचताना आठवली.

तो 'टिस्ट' नावाच्या कार्यक्रमाचा गट होता. हे काम १९९९ मध्ये टांझानियात सुरू झाले, पुढे केनिया आणि युगांडात पसरले आणि आपल्या तमिळनाडूतही पोहोचले. सहा ते बारा शेतकरी मिळून एक गट करतात, आपापल्या जमिनीत झाडे लावतात, जगलेली झाडे मोजली जातात आणि त्यांनी शोषलेल्या कार्बनच्या हिशेबाने गटाला पैसे मिळतात. एकेका झाडामागची रक्कम इतकी थोडी असते की केवळ पैशासाठी कोणी टिकून राहील असे मला वाटले नाही. लोक टिकले होते ते बैठकीच्या रीतीमुळे, असे माझे मत झाले.

त्या रीतीत दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की गटाचा प्रमुख कायमचा नसतो. प्रमुख, उपप्रमुख आणि हिशेबावर लक्ष ठेवणारा अशी तीन कामे असतात, ठरलेली मुदत संपली की उपप्रमुख प्रमुख होतो, आणि असे करत प्रत्येकाची पाळी येते. प्रमुखपदाची पाळी येणारच आहे हे ठाऊक असल्यामुळे कोपऱ्यात बसणारा माणूसही कान देऊन ऐकतो. दुसरी गोष्ट म्हणजे बैठक संपताना होणारे 'कुजेंगाना'. स्वाहिलीत त्याचा अर्थ एकमेकांना घडवणे असा आहे. प्रत्येक सदस्य त्या दिवसाच्या प्रमुखाला उद्देशून त्याने नीट केलेली एक गोष्ट सांगतो, आणि ती नेमकी असावी लागते. 'छान झाले' एवढ्याने चालत नाही; 'उशिरा आलेल्या आजींना तुम्ही पहिला विषय पुन्हा समजावलात' असे सांगावे लागते. मला सुरुवातीला हसू आले होते. नंतर लक्षात आले की चांगले नेतृत्व म्हणजे काय याची व्याख्या ती माणसे दर बैठकीत स्वतःच तयार करत होती, आणि पुढच्या प्रमुखाला तीच उपयोगी पडत होती.

आता आपल्याकडचे पाहा. माझ्या गावातील एका महिला संघाची अध्यक्षा गेली बारा वर्षे तीच आहे. ती हुकूमशहा मुळीच नाही. बँकेत जाऊन कन्नडमध्ये बोलू शकणारी ती एकटीच आहे, एवढेच. तिलाही आता कंटाळा आला आहे.

टिळकवाडीचा मास्तर :

आफ्रिका हा चोपन्न देशांचा खंड आहे, तेव्हा 'आफ्रिकेच्या धर्तीवर' या शब्दांना फारसा अर्थ नाही, ही आपली शंका रास्त आहे. तरीही त्या पत्रामागे कोणती परंपरा असावी याचा तर्क करता येतो.

एक परंपरा व्यक्तीला उचलून पुढे नेण्याची आहे. रिओच्या वसुंधरा परिषदेच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९१ मध्ये, रॉकफेलर प्रतिष्ठानाने 'लीड' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पर्यावरण आणि विकास या दोन्हींचा एकत्र विचार करू शकतील असे, कारकिर्दीच्या मध्यावर पोहोचलेले अधिकारी, शास्त्रज्ञ, पत्रकार निरनिराळ्या देशांतून निवडून त्यांना एकत्र शिकवावे, ही त्यामागची कल्पना होती. त्याची शाखा भारतातही होती, आणि दक्षिण व पूर्व आफ्रिकेसाठीचे केंद्र मलावीतील झोंबा या गावी होते. पुढे २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने मंडेला वॉशिंग्टन फेलोशिप सुरू केली. पहिल्या वर्षी आफ्रिकेतील पाचशे तरुणांना सहा आठवड्यांसाठी अमेरिकी विद्यापीठांत बोलावण्यात आले. आपल्या देणगीदारांचा आराखडा याच घराण्यातला दिसतो. मंत्रालयातील अधिकाऱ्याला किंवा नगरपालिकेच्या अभियंत्याला तो उपयोगी पडेलही. झरा बांधणाऱ्या कार्यकर्त्याच्या मापाने तो शिवलेला नाही.

तथापि या घराण्यातही घेण्यासारखी एक गोष्ट आहे. नैरोबीहून २००८ पासून चालणारा 'अवॉर्ड' हा कार्यक्रम कृषी संशोधनातील आफ्रिकी स्त्रियांसाठी आहे. त्यात निवड झालेल्या प्रत्येक स्त्रीला एक ज्येष्ठ मार्गदर्शक मिळतो, आणि त्याच वेळी तिने स्वतः एका कनिष्ठ सहकारी स्त्रीला हाताखाली घ्यायचे असते. शिकता शिकताच शिकवण्याची ही जबाबदारी आपल्या आराखड्यात जरूर घालावी. आपला एक कार्यकर्ता उद्या गोव्याला गेला, तरी त्याने हाताखाली घेतलेला दुसरा गावात राहिलेला असेल.

दुसरी परंपरा वंगारी माथाई यांची. त्यांनी १९७७ मध्ये केनियात ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तिच्यातून पाच कोटींहून अधिक झाडे लावली गेली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, इतके बहुतेकांना ठाऊक असते. मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या कामाची घडण. रोपवाटिका चालवणे हे प्रशिक्षित वनाधिकाऱ्यांचे काम आहे, असे सुरुवातीला सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी निरक्षर शेतकरी बायकांनाच 'पदविका नसलेले वनाधिकारी' म्हटले आणि फुटक्या मडक्यांतून रोपे वाढवायला लावली. त्या बायकांना छोटासा मोबदला मिळे, तो लावलेल्या रोपाचा नव्हे, जगलेल्या रोपाचा. आपल्याकडील वृक्षारोपणाच्या छायाचित्रांत दरवर्षी तोच खड्डा दिसतो, त्यावर याहून साधा उपाय मला माहीत नाही.

त्यांच्या शिबिरांची सुरुवात व्याख्यानाने होत नसे. लोकांना आधी त्यांच्या अडचणी विचारल्या जात. यादी लांबत जाई आणि दोष कुणाचा, असे विचारले की बहुतेक बोटे सरकारकडे वळत. मग माथाई चुकीच्या बसची गोष्ट काढत. भलत्या बसमध्ये बसलेला प्रवासी भलत्याच गावी पोहोचतो, तिथे त्याची उपासमार आणि फजिती होते. पण मुळात माणूस चुकीच्या बसमध्ये बसतोच कसा? कोणी विचारायला लाजला, कोणाला चुकीचे सांगितले गेले, कोणाला पाटी वाचता आली नाही, कोणी धाकाने चढला. त्या चर्चेतून सरकारचा वाटा किती आणि आपला किती, हे लोक स्वतःच वेगळे करू लागत. सीमाभागात हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. पाटी वाचता न आल्यामुळे भलत्या बसमध्ये चढलेला एक तरी नातेवाईक आपल्याकडे घरोघरी आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. इंग्रजीला शत्रू मानू नका. माथाई स्वतः अमेरिकेत शिकल्या आणि १९७१ मध्ये नैरोबीत त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मंत्र्यांशी भांडताना त्यांना ते शिक्षण कामी आले आणि गावात बोलताना त्यांनी ते बाजूला ठेवले.

जांबोटीवाट :

मास्तरांचे म्हणणे पटते, पण त्यांनी निवडीचा प्रश्न सोडून दिला, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. वीस जण कोण असणार? संस्थांची निवड नेहमी चुणचुणीत, पदवीधर, फोनवर पटकन उत्तर देणाऱ्या मुलांकडे झुकते, आणि बाहेर जाण्याची शक्यता सर्वांत जास्त त्यांचीच असते.

राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने याचा उलटा विचार केला. परदेशातील लोकांना प्रशिक्षण देण्याच्या भारत सरकारच्या आयटेक योजनेच्या साहाय्याने आफ्रिकेतील अनेक देशांमधून त्यांनी बायका बोलावल्या, आणि त्यासाठी शक्यतो आज्या निवडल्या. तरुण पुरुषाला प्रमाणपत्र दिले की तो शहराची वाट धरतो आणि आजी गावात परत जाते, असे संस्थापक बंकर रॉय उघडपणे सांगत आले आहेत. सहा महिन्यांत त्या बायका सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकून गेल्या. त्यांच्यात आणि शिकवणाऱ्यांत समान भाषा नव्हती. तारांचे आणि सुट्या भागांचे रंग, हातवारे, आणि शेजारणीचे पाहून पुन्हा पुन्हा करणे, यावर सगळे शिक्षण चालले. मलप्रभाकाठ ताई, तुमच्याकडे तर कार्यकर्त्यांना समजणारी एक नव्हे, दोन-तीन भाषा आहेत. मग अडचण नेमकी कुणाची, शिकणाऱ्यांची की व्याख्यात्यांची?

माझे दुसरे उदाहरण नामिबियाचे आहे. मी भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत फिरते, म्हणून ते मला अधिक जवळचे वाटते. तिथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, वायव्येकडील कोरड्या भागात चोरट्या शिकारीने हत्ती आणि गेंडे संपत आले असताना, गावच्या मुखियांनी स्वतःची माणसे वन्यजीव रक्षक म्हणून नेमली. पुढे १९९६च्या कायद्याने गावसमूहांना वन्यप्राण्यांच्या व्यवस्थापनाचा आणि पर्यटनातून होणाऱ्या मिळकतीचा अधिकार मिळाला, १९९८ मध्ये असे पहिले चार गावसमूह नोंदले गेले आणि आता त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली आहे. त्या रक्षकांना नोंदी ठेवायला शिकवण्यासाठी जी वही तयार केली तिच्यात लिहिण्याचे काम फार थोडे आहे. प्राण्यांची चित्रे, खुणा आणि चौकटी. घटना घडली की चौकट भरायची, महिनाअखेर मोजायचे, वर्षअखेर भिंतीवर तक्ता लावायचा. आणि मूळ वही गावसमितीकडेच राहते. सरकारकडे जाते ती नक्कल.

आमच्याकडे गव्याने भात तुडवले तर पंचनामा होईपर्यंत शेतकऱ्याला तारीखही नीट आठवत नाही. एखाद्या वाडीने वर्षभर अशी चित्रवही भरली आणि ती घेऊन वनखात्याच्या कचेरीत पाच बाया बसल्या, तर त्यांना नेतृत्वाचे वेगळे प्रशिक्षण लागेल असे मला वाटत नाही.

शहापूर शिवार :

मी शेतकरी आहे, थोडक्यात लिहितो. वर सगळ्यांनी माणसे घडवण्याविषयी लिहिले. हक्काविषयी फक्त नामिबियाच्या उदाहरणात एक वाक्य आले.

नायजर देशात मराडी भागात टोनी रिनाडो यांनी १९८३ पासून शेतातील जिवंत बुंध्यांना फुटणारे धुमारे राखायला शेतकऱ्यांना शिकवले. दुष्काळात धान्याच्या बदल्यात झाडे राखली गेली, आणि धान्य थांबल्यावर बऱ्याच जणांनी ती तोडली. तरीही ही पद्धत पुढे पसरली आणि सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर पुन्हा झाडे आली. वसाहतकाळापासून झाड सरकारचे मानले जात असे. झाड राखले तर ते आपलेच राहील, असा भरवसा वाटू लागल्यावर काम वाढले. प्रशिक्षण तेच होते.

उलट बाजूही पाहा. बुर्किना फासोच्या याकुबा सावादोगो यांनी खडकाळ झालेल्या जमिनीत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून, आधी पीक आणि मग जंगल उभे केले. या खड्ड्यांना तिकडे झाई म्हणतात. त्यांनी शेतावर शेतकऱ्यांचा बाजार भरवला. गावोगावचे लोक तिथे बियाणे आणि अनुभव यांची देवघेव करत. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. आणि याच माणसाच्या जंगलाचा काही भाग शहराच्या वाढीसाठी सरकारने आखून घेतला. बेळगावच्या भोवतालच्या रस्त्यांसाठी ज्यांच्या शेतांत दगड रोवले गेले, त्यांना यापुढचे सांगायला नको.

खानापुरात वनहक्क कायद्याचा दावा करायचा तर आदिवासी नसलेल्याला पंचाहत्तर वर्षांच्या रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो. तुमच्या वीस जणांना तो दावा भरता आला पाहिजे. उतारा वाचता आला पाहिजे, तोही कन्नडमधला. हे शिकवणार नसाल तर बेंगळुरूचे शिबिर त्यांना फक्त सहल वाटेल.

मलप्रभाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे आमच्या सगळ्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवली. चिक्कोडीकर दादांचे 'कुजेंगाना' आम्ही त्याच बैठकीत करून पाहिले. पहिल्या तिघांनी मला 'तुम्ही फार कष्ट घेता' असे सांगितले. चौथी बाई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'आज तुम्ही आमच्या मधे बोलला नाहीत.' बैठकीत मी एरवी किती मधे बोलते, हे मला त्या दिवशी कळले.

देणगीदारांशी फोनवर बोलणे झाले. पाच दिवसांचे शिबिर रद्द करायला ते तयार नाहीत, परंतु ते खानापुरातच, मराठीतून आणि अर्धा वेळ वाड्यांवर घ्यायला त्यांनी मान्यता दिली आहे. कन्नड कागदपत्रे वाचणे आणि अर्ज भरणे यासाठी दर आठवड्याला एक वर्ग ठेवायचा, असे आम्ही सुचवले, तेव्हा 'हे नेतृत्वविकासात कसे बसते?' असा प्रश्न आला. शहापूर शिवार यांचे उत्तर मी जसेच्या तसे वाचून दाखवले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग 'खर्चाच्या तक्त्यात दाखवा' असे सांगण्यात आले.

निवडीबाबत जांबोटीवाट ताईंचे अर्धे ऐकले आहे. वीसपैकी नऊ जणी पन्नाशीच्या पुढच्या आहेत, आणि प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने अशा एखाद्या बाईबरोबर जोडीने काम करायचे आहे. चित्रवही त्या जोडीने भरायची. जोडीत कोण कुणाला शिकवणार, हे मुद्दाम ठरवलेले नाही.

एक अडचण उरली आहे. वर्गाला येणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. भत्ता द्यावा, तर उद्या भत्त्यासाठीच लोक येतील अशी भीती वाटते, आणि न द्यावा, तर ज्यांची चूल रोजावर चालते त्या आपोआप गळतील.

चिक्कोडीकर :

भत्ता द्या, ताई. माथाईंनीही जगलेल्या रोपाचे पैसे दिलेच होते. फार तर हजेरीऐवजी भरलेल्या वहीला तो जोडा. वही रिकामी असेल तर त्या महिन्याचा भत्ता नाही, आणि हे ठरवण्याचे काम तुमच्याकडे न ठेवता त्या-त्या वेळच्या पाळीतल्या प्रमुखाकडे द्या.

आणि वर्ग रोप लावणीच्या दिवसांत ठेवू नका. भाताची मळणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याच्या आधी बहुतेक आटपा. नंतर काजूचा हंगाम येतो आणि वरच्या वाड्यांत पाण्याची पायपीट सुरू होते. मेरूच्या त्या गटाच्या बैठकीची माझी टिपणे आणि काही छायाचित्रे जुन्या वहीत आहेत. पुढच्या महिन्यात खानापूरच्या बाजाराला येणार आहे, तेव्हा वही घेऊन येतो. त्यातला काही मजकूर स्वाहिलीत आहे, तो वाचून दाखवेन.